उपशामक सेवेतील बहुशाखीय पथक

बरा न होणारा किंवा दीर्घकाळ छळणारा आजार असलेल्या रुग्णाचे दुखणे आणि त्याच्या कुटुंबाची ओढाताण कमी करण्यासाठी निरनिराळ्या शाखांच्या लोकांनी रुग्णालयात मिळून काम करण्याची पद्धत. पथकात डॉक्टर, परिचारिका, समाजसेवा अधीक्षक, समुपदेशक, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ व औषधनिर्माता असतात. ही सेवा कर्करोगापुरती नाही. मूत्रपिंड, हृदय, फुफ्फुसांचे जुनाट विकार आणि पक्षाघात यांतही ती लागते. मूळ उपचार चालू असतानाच ती सुरू व्हायला हवी. ‘आता घरी न्या’ असे सांगून झाल्यावर तिची आठवण होणे हा रुग्णावर अन्याय आहे.

या पद्धतीमागचा विचार सिसिली सॉन्डर्स यांचा. परिचारिका, वैद्यकीय समाजसेविका आणि मग डॉक्टर अशा तिन्ही भूमिका त्यांनी केल्या आणि 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अशा रुग्णांची शेवटपर्यंत काळजी घेणारी संस्था, सुरू केले. वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशी सगळी मिळून एकच असते, ही त्यांची मांडणी. भारतात 1986 मध्ये मुंबईत शांती अवेदना सदन आणि 1993 मध्ये कालिकतला पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू झाली. केंद्र सरकारचा उपशामक सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम 2012 चा.

सोलापूर जिल्ह्यात कर्करोगाच्या कामाची परंपरा आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 मध्ये बार्शीला सुरू झाली. तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग हा इथला नेहमीचा आजार, आणि पथक का लागते हे त्यातच स्पष्ट दिसते. गालाला पडलेल्या जखमेला दुर्गंधी सुटते, त्या लाजेने माणूस नातवंडांनाही जवळ येऊ देत नाही. परिचारिका जखम सलाइनने धुते, मेट्रोनिडॅझोल या जंतुनाशक औषधाच्या गोळ्यांची पूड भुरभुरते, वर गॉज ठेवते. काही दिवसांत वास कमी होतो आणि माणसे पुन्हा खाटेजवळ बसू लागतात. गिळता येत नसेल तर नाकातल्या नळीतून काय आणि किती द्यायचे हे आहारतज्ज्ञ घरातल्या बाईला करून दाखवते.

तीव्र वेदनेवर मॉर्फिन या अफूपासून बनणाऱ्या वेदनाशामकाची साधी गोळी दर चार तासांनी, दुखायची वाट न पाहता दिली जाते. दिवसाला 60 मिलिग्रॅम चालू असेल, तर मध्येच कळ उठल्यावर जादा 10 मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाच्या मात्रेचा साधारण सहावा भाग. सोबत पोट साफ राहण्याचे औषध हवेच. अमली पदार्थविषयक कायद्यात 2014 साली दुरुस्ती झाल्यापासून मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणे सोपे झाले; त्याचा हिशेब औषधनिर्माता ठेवतो.

तरीही गोळी वाढवून दुखणे हटत नाही, असे होते. विडी वळणाऱ्या बाईला पोरीच्या लग्नाच्या कर्जाचा घोर असेल, तर ते ती राउंडवर डॉक्टरांना सांगणार नाही. रात्रपाळीच्या सिस्टरला सांगेल, तेही तेलुगूत. सोलापूर शहराच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू आहे, अक्कलकोटकडे कन्नड. म्हणून आठवड्याच्या बैठकीत सिस्टरचे म्हणणे वरिष्ठ डॉक्टरांइतकेच मोलाचे धरायला हवे. एरवी सगळे जण एकाच खाटेपाशी येऊन जातात, पण पथक होत नाही. सिस्टरचे म्हणणे बैठकीत आले की मग समाजसेवा अधीक्षक संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरून घेतात, समुपदेशक मुलीशी बोलतो आणि डॉक्टर मात्रा पुन्हा ठरवतात.

सर्वांत अवघड काम सांगण्याचे. ‘त्यांना सांगू नका, हाय खातील,’ असे नातेवाईक कळवळून म्हणतात. त्यांना झिडकारून चालत नाही. आधी त्यांची भीती ऐकावी, मग रुग्णाला किती जाणून घ्यायचे आहे ते त्यालाच विचारावे. बहुतेकदा त्याने ओळखलेलेच असते. काय सांगितले याची केसपेपरवर नोंद हवी, नाहीतर दुसऱ्या दिवशी दुसरा डॉक्टर वेगळेच बोलून जातो.

घरी सोडताना रात्री-अपरात्री दुखणे वाढल्यास फोन कोणाला करायचा, नळी निघाली तर काय करायचे आणि मॉर्फिन किती दिवस पुरेल हे घरच्यांच्या भाषेत लिहून दिले जाते, आणि गावच्या आशाताईंनाही कळवले जाते.