"मग तो परत कधी येणार?" : कुत्रा गेल्यावर मुलांच्या डोक्यात काय चालतं

घरातला कुत्रा गेला की सगळ्यात लहान पोर हमखास एक प्रश्न विचारतं, मग तो परत कधी येणार. मोठ्यांना वाटतं सांगून झालंय, सगळे मिळून रडून पण झालंय, तरी हे काय विचारतंय, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच, चार दिवसांनी परत तेच. मग कुणाला वाटतं पोराला जबर धक्का बसलाय, कुणाला वाटतं त्याला काही वाटलेलंच नाही. बहुतेक वेळा दोन्ही नसतं. मेला म्हणजे नक्की काय झालं हे त्याला अजून पूर्ण कळलेलं नसतं, आणि ते एका झटक्यात कळत पण नाही, तुकड्यातुकड्यांनी कळतं.

मारिया नॉज नावाच्या हंगेरियन मानसशास्त्रज्ञ होत्या, त्यांनी बुडापेस्टमधल्या ३ ते १० वर्षांच्या ३७८ मुलांशी मरणाबद्दल गप्पा मारल्या, चित्रं काढून घेतली, मोठ्या मुलांकडून लिहून घेतलं, आणि ते सगळं १९४८ साली छापलं. पाचच्या आतली मुलं मरण म्हणजे कुठेतरी निघून जाणं किंवा झोप असंच समजत होती, त्यांच्या मते मेलेला तिकडे जाऊन थोडं थोडं जगतच असतो. पुढे १९८४ मध्ये मार्क स्पीस आणि सँडर ब्रेंट या दोन संशोधकांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले आणि तीन मुख्य गोष्टी वेगळ्या काढल्या. एक, मेलेलं परत जिवंत होत नाही. दोन, मेल्यावर शरीराची सगळी कामं थांबतात, म्हणजे भूक नाही, थंडी नाही, दुखणं नाही. तीन, जे जे जिवंत आहे ते कधी ना कधी मरतंच. बहुतेक मुलांना हे तिन्ही तुकडे साधारण ५ ते ७ या वयात हाताला लागतात, काहींना आधी, काहींना नंतर. आणि बऱ्याच मुलांच्या आयुष्यात हे सगळं पहिल्यांदा शिकवणारं मरण आजी-आजोबांचं नसतं, घरातल्या प्राण्याचं असतं.

आता हे डोक्यात ठेवून आपण मुलांना काय सांगतो ते बघा. "तो झोपलाय", "तो लांब गेलाय", "तो आपल्याला सोडून गेला". प्रेमापोटीच सांगतो, पण यातलं प्रत्येक वाक्य पहिला तुकडा मोडतं, कारण झोपलेला उठतो आणि लांब गेलेला परत येतो, आणि सोडून गेला म्हणजे रागावून गेला का, माझ्यामुळे गेला का, हे वेगळंच. चार वर्षांचं मूल शब्द जसाच्या तसा घेतं. झोपला म्हटलं तर रात्री स्वतः झोपायला घाबरणारी मुलं असतात, आणि दोष त्यांचा नाही. माझं मत विचाराल तर "मेला" हा शब्द वापरावा, कानाला कितीही टोचला तरी. "तो मेला. त्याचं हृदय बंद पडलं, आता त्याला भूक लागणार नाही, काही दुखणार पण नाही, आणि तो परत येणार नाही." पोर परत विचारेल, परत हेच सांगायचं. संध्याकाळी जाऊन पोराने कुत्र्याच्या भांड्यात पाणी भरून ठेवलं तर ठेवू दे, दुसरा तुकडा अजून बसायचाय एवढाच त्याचा अर्थ.

खरी गोची होते ती डॉक्टरांकडे इंजेक्शन द्यायची वेळ येते तेव्हा, कारण त्यालाही आपण "झोपवलं" असंच म्हणतो. तिथे नक्की काय होतं हे बऱ्याच मोठ्या माणसांनाही माहीत नसतं, त्यामुळे मुलांना सांगायला कुणाकडे काही नसतं. बहुतेक ठिकाणी आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, कुत्रा शांत होतो, मान टाकतो. मग शिरेतून पेंटोबार्बिटल. हे मुळात भुलीच्या जातीचंच औषध, डोस मात्र खूप मोठा. ते आधी मेंदूचं काम बंद पाडतं, म्हणजे जाणीव काही सेकंदांतच जाते, त्यानंतर श्वास थांबतो आणि मग हृदय, सगळं मिळून काही मिनिटं. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण श्वास थांबतो तेव्हा ते कळायला आत कुणी जागं नसतं. नंतर कधी कधी एखादा मोठा श्वास घेतल्यासारखं होतं, पायाचे स्नायू फडफडतात, लघवी होते, आणि डोळे उघडेच राहतात. डोळे मिटायला स्नायू लागतात, ते आता काम करत नसतात, म्हणून उघडे. हे आधी माहीत नसेल तर मोठा माणूससुद्धा हादरतो, "तो जिवंत होता आणि आपण..." असं काहीतरी डोक्यात राहतं कायमचं. मोठ्या मुलाला तिथे थांबायचं असेल तर हे सगळं आधी घरी बसून साध्या शब्दांत सांगून ठेवायचं, मग त्याला ठरवू द्यायचं. आणि लहान मुलाला एक फरक आवर्जून सांगावा लागतो, की तुला ताप आल्यावर डॉक्टर देतात ते इंजेक्शन वेगळं आणि हे वेगळं, नाहीतर पुढच्या लसीच्या वेळी दवाखान्याच्या दारात जी रडारड होईल ती कशामुळे हे कुणाला कळणार पण नाही.

अजून एक गोष्ट मुलं सहसा बोलून दाखवत नाहीत. या वयात मनात आलं की ते घडतं असं त्यांना खरोखर वाटतं, त्यामुळे परवा मी त्याच्यावर ओरडलो होतो, त्याची शेपूट ओढली होती, तो माझ्या गादीवर चढला तेव्हा "जा" म्हटलं होतं, म्हणून तो मेला असा हिशोब आतल्या आत मांडून मोकळी होतात. म्हणून आजार काय होता, किडनी कशी काम करेनाशी झाली किंवा गाठ कुठे होती हे नाव घेऊन सांगितलेलं बरं. कारण कळलं की हिशोब चुकीचा होता हे पण कळतं. आणि सांगताना हेही जोडायचं की हा त्याच्या शरीराचा आजार होता, कुणाच्या ओरडण्याने तो होत नाही.

मुलांचं रडणं बघून मोठे अजून एका ठिकाणी फसतात. दहा मिनिटं धाय मोकलून रडणार आणि मग एकदम "भूक लागली" किंवा सायकल घेऊन बाहेर. याला दुःखच नाही असं वाटतं. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेन्क शूट या संशोधकांनी १९९९ मध्ये दुःखाबद्दल एक मांडणी केली, की माणूस सतत दुःखात राहतच नाही, गेलेल्याकडे आणि चालू आयुष्याकडे असा आलटून पालटून जात राहतो, आणि हे पळणं म्हणजे टाळाटाळ नाही, सावरण्याचाच भाग आहे. ती मांडणी मोठ्यांसाठी होती, पण मुलांमध्ये हे आलटून पालटून जाणं अगदी उघड्या डोळ्यांना दिसतं, मोठे ते लपवतात एवढंच. बाय द वे, ते नकार, राग, सौदेबाजी वगैरे पाच टप्पे सगळीकडे सांगितले जातात ना, ते एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६९ मध्ये मांडले ते मुळात स्वतः मरणाच्या वाटेवर असलेल्या पेशंट्सकडे बघून, मागे राहिलेल्यांकडे बघून नाही. त्यामुळे आपलं पोर दुसऱ्या टप्प्यावर आहे की चौथ्या हे मोजत बसू नका.

आता मोठ्यांचं. बिस्किटाचा तुकडा खाली पडतो आणि आपण वाकत नाही, कारण तो उचलायचं काम इतकी वर्षं दुसरं कुणीतरी करत होतं, तो तुकडा तसाच फरशीवर पडून राहतो आणि मग एकदम लक्षात येतं. दार उघडताना पाय आपोआप आडवा घालतो, तो बाहेर पळू नये म्हणून. रात्री नखांचा टकटक आवाज आल्यासारखा वाटतो. असं झालं म्हणून डोकं फिरलं नाही. मेंदू जगाचा नकाशा सवयीने बनवतो आणि तो नकाशा बातमी कळली म्हणून लगेच बदलत नाही. नॉर्वेत मोझर दांपत्याच्या लॅबमध्ये (यांनाच २०१४ चं नोबेल मिळालं, मेंदूत जागेचा नकाशा कसा बनतो त्यासाठी) अल्बर्ट त्साओ आणि त्यांनी २०१३ मध्ये एक गंमतशीर गोष्ट दाखवली. उंदराला एका चौकोनात फिरायला सोडायचं, एका जागी एक वस्तू ठेवायची, मग ती काढून घ्यायची. मेंदूच्या एका भागातल्या काही पेशी वस्तू असताना गप्प असायच्या, आणि वस्तू काढल्यावर उंदीर त्या रिकाम्या जागी आला की चालू व्हायच्या. म्हणजे "इथे काहीतरी होतं" एवढंच सांगणाऱ्या पेशी, आणि काही पेशींचं हे सांगणं कित्येक दिवस टिकलं. उंदराची वस्तू आणि आपला कुत्रा यांची थेट बरोबरी कुणी करू नये, पण सोफ्याच्या शेजारचा कोपरा रिकामा असून रिकामा का वाटत नाही याचा थोडा तरी अंदाज यातून येतो. हा नकाशा बदलायला रोजचा अनुभव लागतो, पुन्हा पुन्हा तो तिथे नसणं लागतं. म्हणून भांडं, पट्टा, गादी त्याच दिवशी गायब करून टाकायची घाई मला पटत नाही, निदान मुलांना न विचारता तरी नाही.

आणि मग शेजारपाजारचे, नातेवाईक म्हणतात, "कुत्रंच तर होतं". केनेथ डोका या दुःखाच्या अभ्यासकाने १९८९ मध्ये अशा दुःखांवर लिहिलं, जी समाज दुःख म्हणून धरतच नाही, ज्यांना रजा नाही, सांत्वनाला येणं नाही. पण हे काही आजकालच्या लाडावलेल्या लोकांचं खूळ नाही. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे १९१४ मध्ये खाणकामगारांना एक जुनी कबर सापडली, एक पुरुष, एक बाई आणि त्यांच्याबरोबर एक कुत्रा, वय साधारण १४ हजार वर्षं. २०१८ मध्ये लुक यान्सेन्स या प्राण्यांच्या डॉक्टरने त्या कुत्र्याचे दात नीट तपासले. दातांच्या एनॅमलवर, म्हणजे वरच्या कडक थरावर, आडव्या खुणा होत्या, आजारपणात वाढ अडली की पडतात तशा. त्यावरून निघालं की हे पिल्लू साधारण साडेचार महिन्यांचं असताना बहुधा डिस्टेंपरने आजारी पडलं, काही आठवड्यांत तीनदा गंभीर झालं, आणि मेलं ते सात महिन्यांचं असताना. डिस्टेंपर म्हणजे उलट्या, जुलाब, फिट्स. त्यातून पिल्लू आठवडेच्या आठवडे जगलं ते कुणीतरी पाणी पाजलं, पुसलं, ऊब दिली तरच. शिकारीला, राखणीला त्या काळात त्याचा काडीचा उपयोग नव्हता. तरी केलं कुणीतरी. त्या घोळक्यात मुलं पण असणारच की.

मुलांवर याचा परिणाम किती खोल जातो हे बघायला अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या टीमने ब्रिटनमधल्या ६,२६० मुलांची माहिती वापरली आणि २०२० मध्ये निष्कर्ष छापले. ज्यांच्या घरी प्राणी होते त्यातल्या ६३ टक्के मुलांनी वयाच्या पहिल्या ७ वर्षांतच एखाद्या प्राण्याचं मरण पाहिलं होतं, आणि अशा मुलांमध्ये मानसिक त्रासाची लक्षणं जास्त दिसली, मुलग्यांमध्ये मुलींपेक्षा ठळक. हा संबंध आहे, कार्यकारणभाव सिद्ध झाला असं नाही. पण "मुलगा आहे, रडतो काय" म्हणणाऱ्यांनी तो मुलग्यांचा भाग दोनदा वाचावा.

घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याच्याकडे पण लक्ष ठेवा. इटलीत २०२२ मध्ये ४२६ मालकांना विचारलं, ज्यांच्याकडे किमान दोन कुत्रे होते आणि त्यातला एक गेला. ८६ टक्के लोकांनी सांगितलं की मागे राहिलेल्याचं वागणं बदललं, जास्त चिकटून राहणं, खेळणं कमी, खाणं कमी, झोप जास्त. किती वर्षं एकत्र होते यापेक्षा त्या दोघांचं जमायचं का, याने जास्त फरक पडला. हे मालकांच्या तोंडचं आहे आणि मालक स्वतःच दुःखात होते, त्यामुळे कुत्र्याचं किती आणि माणसाचं किती हे वेगळं काढणं अवघड. पण मुलाला काम म्हणून "याला फिरवून आणशील का" हे सांगायला हरकत नाही, दोघांचंही बरं होतं.

थोडं मोठं मूल असेल तर पुढचा प्रश्न येतो, कुत्रे इतक्या लवकर का मरतात. ७४ जातींच्या आकडेवारीवरून जर्मनीतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की अंगाने मोठे कुत्रे भराभर म्हातारे होतात, शरीराच्या दर २ किलोमागे साधारण एक महिना आयुष्य कमी. २०२० मध्ये १०४ लॅब्राडॉर कुत्र्यांच्या डीएनएवर वयाबरोबर बदलणाऱ्या रासायनिक खुणा तपासल्या, तेव्हा ते "एक वर्ष म्हणजे माणसाची सात" वालं गणित चुकीचं निघालं. एक वर्षाचा लॅब्राडॉर माणसाच्या तिशीला पोचलेला असतो, मग वेग कमी होत जातो, चारला पन्नाशी पार, सहाला साठी. म्हणजे पोर जन्मलं त्या वर्षी आणलेलं पिल्लू पोर पहिलीत जाईपर्यंत आजोबांच्या वयाचं झालेलं असतं. मुलांना हे गणित भयंकर आवडतं, कागद-पेन्सिल घेऊन बसतात, आणि बरीचशी शेवटी म्हणतात, मग पुढच्या वेळी छोटा आणू. तो कधी आणायचा याला ठरलेली मुदत नाही. फक्त मुलाने स्वतःहून विषय काढेपर्यंत थांबा, आणि आणलात तर नाव जुनंच ठेवू नका.