पांढऱ्या खडूच्या पणत्या : सुट्टीतल्या मेण-पाण्याच्या चित्रामागचा इतिहास

दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आठ-दहा दिवस आधी आमच्या इकडच्या गुरुजी-मॅडमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोच फिरतो. कोऱ्या कागदावर पांढऱ्या मेणखडूनं काहीतरी काढायचं, दिसत तर काहीच नाही, मग वरून निळ्या वॉटरकलरचा पातळ हात मारायचा आणि कागदातून पणत्या, आकाशकंदील, भुईचक्र सगळं एकदम पांढरं फटक बाहेर येतं. पोट्टे तर येडेच होतात. "अरे बापा, हे कुठून आलं?" असं ते कागदाकडे पाहून विचारतात, पण हा प्रश्न मोठ्यांनीही विचारायला काही हरकत नाही, कारण बहुतेकांचं उत्तर "युट्यूबवरून" एवढ्यातच संपतं. तसं नाही ना ते. युक्ती हजार वर्षांहून जुनी आहे, पोरांच्या हातात मात्र ती गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतच आली, तीही दोन कारणांनी, एक तर मेण स्वस्त झालं आणि दुसरं म्हणजे पोरांचं चित्र पोरांचंच असू द्यावं हे मोठ्यांना उशिरा का होईना पटलं.

सणाशी या युक्तीचं नातं जुनंच आहे, फक्त ते दिवाळीशी नव्हतं. युक्रेनमध्ये ईस्टरच्या आधी अंडी रंगवतात त्याला पिसांका म्हणतात. मधमाशीचं मेण दिव्यावर पातळ करून बारीक नळीच्या टाकानं अंड्यावर रेषा ओढायची, मग अंडं पिवळ्या रंगात बुडवायचं, जिथं पिवळं ठेवायचं तिथं पुन्हा मेण, मग केशरी, मग लाल, सगळ्यात शेवटी काळा, आणि एवढं झाल्यावर अंडं ज्योतीजवळ धरून मेण पुसून काढायचं की खालचे सगळे रंग एकाच वेळी दिसतात. म्हणजे फिक्याकडून गडदकडे जायचं, उलटं गेलं की संपलं. वर्गात मॅडम "आधी पिवळा खडू, निळा रंग शेवटी" असं ओरडतात ना, तो नियम तिथं पिढ्यान् पिढ्या पाळला जातोय. २०२४ साली युनेस्कोनं या पिसांकाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

कपड्यावरचं मेणकाम म्हटलं की जावा बेटाचं बाटिक. तिथल्या बाया तांब्याच्या इवल्याशा भांड्याला चोच असते तसलं चांटिंग घेऊन गरम मेणानं कापडावर नक्षी काढतात, त्यालाही युनेस्कोनं २००९ मध्ये वारसा म्हणून मान दिला. पण रंग अडवायची विद्या, म्हणजे कापडाचा काही भाग झाकून तिथं रंग चढू द्यायचा नाही, ती आपल्याकडेही काही कमी नव्हती. कैरोजवळ फुस्तात नावाच्या जुन्या शहराच्या ढिगाऱ्यात गुजरातच्या सुती कापडांचे मध्ययुगातले तुकडे सापडलेत, त्यावरची नक्षी अशीच रंग अडवून काढलेली आहे. राजस्थानात दाबू छपाईमध्ये चिखल, चुना आणि डिंक, कच्छच्या अजरख छपाईमध्ये चुना आणि डिंक, बांधणीत नुसता दोरा, आणि आपल्याला सगळ्यात जवळ म्हणजे उज्जैनचं भैरोगढ, तिथं मेणाचं बाटिक अजूनही होतं.

इथं एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मेण सगळ्या रंगांना चालत नाही. नीळ थंड पाण्यात चढते म्हणून मेण टिकतं, पण आपल्या वऱ्हाड-नागपूरकडे जुन्या काळी लाल रंगासाठी आल वापरायचे, म्हणजे बारतोंडीच्या मुळ्या, आणि तो रंग तापवल्याशिवाय नीट धरत नाही. उकळत्या भांड्यात मेण कशाला राहतंय! म्हणून मेण थंड रंगापुरतंच राहिलं. पुढे १८६९ मध्ये कारखान्यात बनवायचा अ‍ॅलिझरीन हा लाल रंग आला आणि आलाचा धंदाच बसला, तो वेगळा विषय.

मेण कागदावर यायला वेळ लागला, कारण वॉटरकलरच मुळात श्रीमंतांच्या हौसेचा माल होता. अठराव्या शतकाच्या शेवटाला इंग्लंडमध्ये फ्रान्सिस निकल्सन नावाचा चित्रकार होता, तो चित्रातल्या उजेडाच्या जागा मेणाच्या मिश्रणानं झाकून ठेवायचा, वरून रंग मारायचा आणि मग मेण काढून टाकायचा, की तेवढा कागद कोरा मिळायचा. पण हे सगळं मोठ्या माणसांचं काम. मधमाशीचं मेण महाग, ते गरम करायचं म्हणजे विस्तव, पोराच्या हाती कोण देणार? आपल्या मेळघाटात आग्या मोहोळाचं मेण निघतंच की, पण तेही बाजारात विकायला जायचं, त्यानं पोरांनी कागदावर रेघोट्या माराव्या असं कोणाच्या मनात यायचं कारणच नव्हतं.

मग आलं पॅराफिन. १८३० मध्ये जर्मनीच्या कार्ल फॉन रायखेनबाखनं ते शोधलं, पुढे खनिज तेलाच्या विहिरी खणल्या जाऊ लागल्या आणि तेल शुद्ध करताना हे मेण ढिगानं निघायला लागलं. आपल्याकडे आसामच्या डिगबोईची रिफायनरी १९०१ सालची, तिथलंही मेण नावाजलेलं. अमेरिकेत बिनी अँड स्मिथ नावाची कंपनी होती, तिनं या पॅराफिनमध्ये रंग घालून १९०३ मध्ये क्रेयोलाचा पहिला बॉक्स काढला, आठ कांड्या, किंमत पाच सेंट. गंमत म्हणजे त्या आठात पांढरा नव्हताच! लाल, केशरी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा, बस. पांढऱ्या कागदावर पांढरी कांडी कशाला, असाच हिशेब असणार, आणि आजही कोणत्याही शाळेत वर्षाच्या शेवटी बॉक्स उघडून पाहा, बाकीच्यांचे बोटभर तुकडे उरलेले असतात आणि पांढरा नवरदेवासारखा अख्खा बसलेला असतो. दिवाळीच्या या चित्रात त्याचीच मागणी सगळ्यात जास्त.

पण खडू स्वस्त झाला म्हणून लगेच पोरांना मोकळीक मिळाली असंही नाही. चित्रकलेचा तास म्हणजे नमुना समोर ठेवायचा आणि हुबेहूब उतरवायचा, जगभर हेच चाललं होतं. १८९७ मध्ये व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी पोरांसाठी वर्ग काढला आणि "त्यांना वाटेल ते काढू द्या" असं म्हणाले, तेव्हापासून बालचित्रकला ही वेगळी गोष्ट आहे असं लोक मानायला लागले. जपानमध्ये कानाए यामामोतो नावाचे चित्रकार मॉस्कोमध्ये पोरांच्या चित्रांचं प्रदर्शन पाहून आले आणि १९१९ च्या सुमारास त्यांनी मुक्त चित्रांची चळवळच सुरू केली, नमुने गिरवणं बंद म्हणून. त्याच वाऱ्यात साकुरा कंपनीनं १९२५ मध्ये ऑइल पेस्टल आणले, मेणखडूपेक्षा मऊ, जाड थर बसणारे. सुरुवातीला ते उन्हाळ्याचे वेगळे आणि हिवाळ्याचे वेगळे असे दोन प्रकारचे विकायचे, कारण उन्हात पघळायचे आणि थंडीत कडक व्हायचे. हे वाचून विदर्भातल्या माणसाला हसू येईल, आपल्याकडे मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत पेस्टलचा बॉक्स विसरला तर संध्याकाळी बारा रंगांचा एकच रंग झालेला असतो.

या सगळ्यात मला सगळ्यात आवडतो तो हेन्री मूरचा किस्सा. एवढा मोठा इंग्लिश शिल्पकार, पण मेण आणि वॉटरकलरची ही जोडी त्याला सापडली ती लहान भाचीचं मन रमवायला चित्र काढून देताना, तिनंच दुकानातून आणलेल्या स्वस्त मेणखडूनं. वरून रंगाचा हात फिरवला तर खडूच्या रेषेवर पाणी धरेचना. पुढे १९४०-४१ मध्ये लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा भुयारी रेल्वेच्या फलाटांवर रांगेनं झोपलेली माणसं त्यानं काढली, त्याची ती शेल्टर ड्रॉइंग्ज जगप्रसिद्ध झाली, आणि त्यातली अंधारातून वर आलेली पांढुरकी माणसं याच युक्तीनं उमटली आहेत. म्हणजे पोरांचं साहित्य मोठ्यांनी घेतलं. आपल्याकडे "हे लहान पोरांचं काम आहे" म्हणून नाक मुरडणारे कलाशिक्षक आहेत, त्यांनी ती चित्रं एकदा बघावी.

आता विदर्भाचा धागा, आणि तो कमी लोकांना माहीत आहे. १९२७ मध्ये रवींद्रनाथ टागोर जावा-बालीला गेले, सोबत चित्रकार सुरेंद्रनाथ कर होते, आणि तिथलं बाटिक पाहून शांतिनिकेतनात त्या कामाला जोर आला, टागोरांच्या सूनबाई प्रतिमादेवींनी आणि पुढे तिथलेच चित्रकार नंदलाल बोस यांच्या कन्या गौरी भंज यांनी ते तिथं रुजवलं. इकडे २२-२३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात गांधीजींनी शिक्षण परिषद घेतली, झाकीर हुसेन यांची समिती बसली आणि हातानं काम करत शिकायची नयी तालीम सुरू झाली. कताई, विणकाम, शेती हे त्यात मुख्य. चित्रकलेचं काय, तर १९४४ मध्ये नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले देवी प्रसाद सेवाग्रामला आले आणि १९६२ पर्यंत तिथल्या शाळेत पोरांना चित्रं काढायला शिकवत राहिले. शिकवत म्हणजे, पोरांच्या हातात साहित्य द्यायचं आणि आपण मध्ये लुडबुड करायची नाही अशी त्यांची रीत, बालकलेवर त्यांनी पुढे भरपूर लिहिलंही. आज सुट्टीच्या शिबिरात "मुलांना स्वतः शोधू द्या" असं पीपीटीवर येतं तेव्हा लोकांना ते बाहेरचं वाटतं, आणि वर्धा इथून दोन तासांवर आहे!

तरी आपल्या शाळांमध्ये हे उशिराच पोचलं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेत स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन यावर जोर, तिथं या खेळाला जागा नाही आणि गावातली पोरं चित्रकला म्हटलं की त्याच परीक्षेची तयारी समजायची. साहित्याचीही गोष्ट होती. १९३१ मध्ये दि. प. दांडेकरांनी मुंबईत शाईपासून जी कंपनी सुरू केली तीच पुढे कॅम्लिन, आणि उंटाच्या छापाचे रंग तालुक्याच्या स्टेशनरीवाल्याकडे दिसायला लागले तेव्हा कुठं गावच्या पोराला वॉटरकलरची वडी आणि खडू दोन्ही एकाच दुकानात मिळायला लागलं. (२०११ मध्ये या कंपनीत जपानच्या कोकुयोनं मोठा वाटा घेतला.) आमच्या पिढीला वडीच्या डब्यात केसं गळणारा ब्रश यायचा, त्याच्यावर काही बोलायलाच नको.

जिल्हा परिषदेच्या शाळेत हे करताना व्हिडिओत न सांगितलेल्या दोन-तीन गोष्टी आडव्या येतात. वहीचा कागद चालत नाही, पाणी पडलं की तो वाकडा होतो आणि खडूच्या रेषा तुटतात, कार्ट्रिज पेपर किंवा निदान जाड ड्रॉइंग शीट पाहिजे. खडू जोर लावून, दोनदा फिरवायचा. पहिलीची पोरं हलक्या हातानं ओढतात, मग रंग मेणाच्या मधल्या फटींतून कागदात शिरतो आणि पणती अर्धी गायब होते, त्यांना पेस्टल द्यावेत. वरचा रंग पातळ आणि गडद, वडीपेक्षा ट्यूबचा निळा किंवा काळा बरा, आणि ब्रश एकदाच सरळ न्यायचा, घासत बसायचं नाही. रंग ओला असताना पोषण आहाराच्या डब्यातलं चिमूटभर जाडं मीठ वरून टाकलं तर प्रत्येक खडा आजूबाजूचं रंगपाणी ओढून घेतो आणि वाळल्यावर झटकलं की आभाळात चांदण्या तयार. हे पाहून एका पोरीनं विचारलं होतं, "मॅडम, साखर टाकली तं?" टाकून पाहिली, चिकट झालं, मुंग्या आल्या.

माझं विचाराल तर दिवाळीपेक्षा आपल्याकडे या चित्राला तान्हा पोळा जास्त शोभतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात, त्या बैलाची झूल, शिंगांची बेगड, अंगावरचे गेरूचे ठिपके हे पोरांना न पाहता काढता येतं. पिवळ्या-पांढऱ्या पेस्टलनं सगळं दाबून काढायचं आणि वरून करडं-निळं श्रावणातलं आभाळ. तोरणाखाली उभा राहिलेला बैल त्यातून असा उठून दिसतो की पणत्या फिक्या पडतात. पण व्हिडिओ बनवणाऱ्यांना पोळा माहीत नसतो, म्हणून आमच्याकडेही ऑक्टोबरची वाट पाहतात, आणि काही शाळांत तर डिसेंबरमध्ये बर्फ पडलेली झाडं काढून घेतात, वऱ्हाडात बर्फ!

ज्या वर्गात पेस्टलचा बॉक्सच नाही तिथं लोडशेडिंगला ठेवलेली मेणबत्ती चालते, तीही पॅराफिनचीच. फक्त ती बुडाकडून घासायची, वातीच्या टोकाची काजळी कागदाला लागली की निघत नाही.