जिवाणूला कोणते कान द्यावेत?

हवाई बेटांजवळच्या उथळ समुद्रात माकुलाचा अंगठ्याएवढा एक प्रकार आढळतो आणि त्याच्या प्रकाश देणाऱ्या अवयवात व्हिब्रिओ फिशेरी हे जिवाणू दाटीवाटीने राहतात. मोकळ्या पाण्यात विखुरलेले असताना ते उजळत नाहीत. लक्सआय हे प्रथिन एक लहानसा संदेशरेणू तयार करते. तो पेशीबाहेर झिरपतो, आणि गर्दीमुळे त्याचे प्रमाण पुरेसे वाढले की लक्सआर हे दुसरे प्रथिन त्याला धरून प्रकाशाची जनुके चालू करते. सभेची गणपूर्ती झाल्याशिवाय ठराव मांडायचा नाही, असाच हा प्रकार आहे.

लक्सआय-लक्सआर ही जोडी, म्हणजे निरोप देणारे तोंड आणि तो ऐकणारा कान, प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या ई. कोलाय जिवाणूत बसवली तरी सहज काम करते. सॅन डिएगो येथील जेफ हेस्टी यांच्या गटाने २०१० साली लक्सआयच्या जोडीला संदेशरेणू तोडणारे एक विकर दिले, तेव्हा पेशींची अख्खी वसाहत एका तालात उजळू-विझू लागली.

खरी अडचण दुसरी जोडी निवडताना येते. एकाच भांड्यातील दोन वसाहतींना वेगवेगळे निरोप द्यायचे असतील, तर स्यूडोमोनस एरुजिनोसा या जिवाणूची लासआय-लासआर जोडी प्रथम डोळ्यांसमोर येते. तिच्या संदेशरेणूचे शेपूट बारा कार्बन अणूंचे, तर लक्सच्या रेणूचे सहा अणूंचे असते. डोके मात्र दोन्हींचे सारखेच. त्यामुळे एकाचा निरोप दुसऱ्याला ऐकू जातो. शिवाय लासआर आपला रेणू धरून लक्सच्या डीएनए-खुणेवरही, म्हणजे लक्सआर जिथे बसून जनुके चालू करते त्या जागीही, बसू शकते, म्हणजे रेणूंची सरमिसळ टाळली तरी जनुकांच्या पातळीवरची उरतेच. प्रथिन निवडताना ते किती जोरात प्रतिसाद देते हे आधी पाहिले जाते. माझ्या मते ते कोणाकडे दुर्लक्ष करते हे त्याआधी तपासावे.

ही जोडी जिच्यात बसवायची ती यजमान पेशीही निमूट नसते. ई. कोलाय स्वतः असे रेणू तयार करत नाही, पण एसडीआयए या प्रथिनाने इतरांचे ऐकते.

सरमिसळ फारच नडत असेल, तर ऱ्होडोस्यूडोमोनस पालुस्ट्रिस या जिवाणूची जोडी उपयोगी पडते, कारण तिच्या रेणूत मेदाम्लाच्या शेपटाऐवजी वनस्पतींतील कुमारिक आम्ल असते. मात्र हा कच्चा माल ई. कोलायकडे नसतो, तो पेशी वाढवण्याच्या माध्यमात घालावा लागतो, किंवा टायरोसिन या अमिनो आम्लापासून तो बनवणारे आणखी एक विकर पेशीत बसवावे लागते.