प्रस्तरारोहणातील बोली: पार्श्वभूमी

मुंब्र्याच्या कड्याखाली किंवा बेलापूरच्या खडकांपाशी चढाई चालू असताना ‘डावा पाय वर घे, आता डायनो मार’ (म्हणजे झेप घेऊन वरची पकड धर), ‘टेक’, ‘मला बीटा नको’ अशी वाक्ये सतत कानांवर पडतात. नवख्याला ही नुसती फॅशन वाटते. पण यांतील महत्त्वाचे शब्द प्रामाणिक चढाई कशाला म्हणायचे, या प्रश्नातून आलेले आहेत आणि म्हणूनच त्यांचा इतिहास माहीत असायला हवा.

‘रेडपॉइंट’चेच पाहा. कड्यात ठोकलेल्या मेखा धरून, त्यांवर पाय देऊन वर जाणे ही पूर्वी युरोपातही बऱ्याच ठिकाणी रूढ रीत होती. जर्मनीतील फ्रँकेनयुरा भागात कुर्ट अल्बर्ट याने 1975 च्या सुमारास ती नाकारली. पडल्यास दोर अडावा एवढ्यापुरतीच मेख वापरायची आणि चढायचे ते केवळ हातापायांच्या बळावर, असे त्याने ठरवले. एखादा मार्ग असा पूर्ण झाला की तो पायथ्याशी लाल ठिपका रंगवत असे. आज दोरावर न लटकता, न पडता सरावाचा मार्ग पूर्ण केला की आपली मुले ‘रेडपॉइंट झाला’ म्हणतात, ते या ठिपक्यावरून.

‘बीटा’ अमेरिकेतला. सोनीने 1975 मध्ये बाजारात आणलेल्या बीटामॅक्स व्हिडिओ कॅसेटवरून तो आला असून त्याचे श्रेय जॅक मिलेस्की या आरोहकाला दिले जाते. कोणती पकड कोणत्या हाताने घ्यायची, पाय कुठे रोवायचा, ही आधी मिळालेली माहिती म्हणजे बीटा. ती घेऊन पहिल्याच प्रयत्नात मार्ग सर केला तर तो ‘फ्लॅश’, आणि काहीही न ऐकता, कोणाला चढताना न पाहता केला तर ‘ऑनसाइट’. ऑनसाइटचा मान मोठा, आणि तो योग्यच आहे. गिरिविहार या 1954 पासूनच्या संस्थेने 2016 मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगची (दोराशिवाय केलेल्या कमी उंचीच्या चढाईची) विश्वचषक स्पर्धा भरवली, तेव्हाही या प्रकारच्या स्पर्धांच्या नियमाप्रमाणे आपली पाळी येईपर्यंत खेळाडूंना वेगळ्या बंदिस्त जागेत थांबावे लागे, कारण दुसऱ्याची चढाई दिसली की बीटा मिळालाच.

‘बिले’, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणे, हा शब्द जहाजावरच्या दोर बांधण्याच्या कामातून आला. ‘टेक’ म्हणजे दोर ताण, ‘स्लॅक’ म्हणजे सैल सोड. या हाका एका शब्दाच्या आहेत, कारण वाऱ्यात लांब वाक्य खाली पोहोचत नाही.

भूभागाचे शब्द मात्र आपण कोणाकडून घेतले नाहीत. सुळका, नाळ, घळ, घसारा, खोबणी हे शब्द सह्याद्रीत पूर्वीपासून होते, आणि ‘नाळेतून वर ये, खोबणीपाशी क्रक्स (मार्गातली सर्वांत अवघड जागा) आहे’ असे म्हणताना मुंब्र्याचा आरोहक दोन्हींकडचे शब्द सहज एकत्र वापरतो.