खाऱ्या वाऱ्याने पेटीचे सूर मरत नाहीत

मालवण-वेंगुर्ल्याकडे जुनी पेटी बेसूर झाली की भजनात निदान ठरलेलं: "खारो वारो लागलो, सूर मेले. नवे घालूक होये." हा जुना समज बहुतेक वेळा चुकतो.

सूर म्हणजे पितळेच्या पातळ जिभा. दमट हवेत त्यांवर हिरवट थर चढतो, स्वर हलतो, पण हलक्या हाताने तो साफ होतो. खरं दुखणं लाकडाचं आणि चामड्याचं. पावसात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात. भात्याच्या घड्यांवरचं चामडं कडक होऊन चिरतं, हवा गळते, आणि बोल लागतो सुराला! भाता भरा, एकही पट्टी दाबू नका. तो झटकन बसला तर गळती आहे.

स्वर खरंच उतरला असेल, तर जिभेचं टोक किंचित घासल्यावर चढतो. मुळाशी घासलं तर आणखी उतरतो. घासाघाशी बेतानेच, कारण गेलेलं पितळ परत येत नाही. बदलायची ती फक्त तडा गेलेली जीभ.

जुन्या पेट्यांत पॅरिसचे नाहीतर जर्मन, नावाजलेले सूर सापडतात. ते सरसकट काढायला निघालेल्या कारागिराला आधी विचारा, काढलेले सूर कोण नेणार?