विशद निद्रा
विशद निद्रा : कृत्रिम निद्रेविषयीची (म्हणजे संमोहनाविषयीची) एक संकल्पना. आबे फारिया (जुझे कुश्तोदिओ द फारिया, १७५६–१८१९) या गोमंतकीय ख्रिस्ती धर्मगुरूंनी ती पॅरिसमध्ये मांडली. संमोहनाचे कारण प्रयोगकर्त्याच्या शक्तीत नसून निद्रिताच्या मनात असते, या मताचा आरंभ बहुतेक अभ्यासक येथून मानतात.

फारिया यांचा जन्म बार्देशातील कांदोळीचा. वडिलांचे घराणे कोलवाळचे. १७७१ मध्ये ते वडिलांबरोबर पोर्तुगालला गेले, रोममध्ये शिकले आणि १७८० मध्ये त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात ते पॅरिसमध्ये होते. १८१३ मध्ये त्यांनी तेथे निद्राप्रयोगांची जाहीर व्याख्याने सुरू केली. १८१६ मध्ये एका प्रहसनातून त्यांची टवाळी झाली आणि श्रोते पांगले.

या विषयावरील त्यांचा ग्रंथ एकच. चार खंडांची योजना होती. पहिला खंड १८१९ मध्ये निघाला आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला लेखकाचे निधन झाले. त्यात व्हिएन्नातील वैद्य मेस्मरचा ‘प्राणिज चुंबकत्वाचा द्रव’ (शरीरांतून वाहणारा, रोग बरे करणारा मानलेला अदृश्य द्रव) फारिया साफ नाकारतात. निद्रा येते ती ‘एकाग्रते’ने; प्रयोगकर्ता फक्त ‘एकाग्र करविणारा’. त्यांची पद्धतही साधी होती : समोरच्याला खुर्चीवर शांत बसवायचे, डोळे मिटायला किंवा हाताकडे टक लावायला सांगायचे आणि मग ठामपणे ‘झोपा!’ अशी आज्ञा करायची. सगळ्यांना ही निद्रा लागत नाही, हेही त्यांनी नोंदविले. याचे कारण मात्र त्यांनी रक्ताच्या पातळपणात शोधले. निद्रिताला दूरचे दिसते, रोग ओळखता येतात, यावरही त्यांचा विश्वास होता. हा भाग टिकला नाही. आधुनिक सूचनसिद्धान्त (संमोहन सूचनेने घडते, हे मत) आयता त्यांच्या ग्रंथात सापडतो, असे म्हणणे म्हणूनच अतिशयोक्त ठरेल.

संकल्पनेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार तिचे मूळ भारतीय योगपरंपरेत किंवा गोव्यातील लोकाचारात आहे. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर फारिया स्वतःला ‘ब्राह्मण’ म्हणवितात आणि घराण्याचा मूळ पुरुष सारस्वत होता असे सांगितले जाते, यावर या मताची भिस्त आहे. लिस्बनच्या राजदरबारी प्रवचन देताना त्यांची वाचा बसली, तेव्हा वडील कोकणीत ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी’ असे पुटपुटले आणि भीती क्षणात गेली, अशी आख्यायिका गोव्यात सर्वतोमुखी आहे. शब्दाच्या सामर्थ्याची जाणीव त्यांना तेव्हाच झाली, असे काही चरित्रकार मानतात. ही मौखिक परंपरा आहे. तिचा पुरावा म्हणून उपयोग जपूनच करावा. दुसऱ्या मताप्रमाणे खरा उगम मेस्मरचे फ्रेंच शिष्य प्युइसेग्यूर यांच्या कृत्रिम निद्राभ्रमणाच्या प्रयोगांत (१७८४) आहे. फारियांनी गोवा सोडला तो पंधराव्या वर्षाच्या सुमारास, ग्रंथ अर्पण केला तो प्युइसेग्यूर यांना आणि त्यांचा सगळा वाद मेस्मरपंथीयांशी आहे. हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. चुंबकत्वाचे परिणाम कल्पनाशक्तीतून होतात, असा निष्कर्ष फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या आयोगानेही १७८४ मध्येच काढला होता. आयोगाने तेवढ्यावर विषय मिटविला. फारियांनी त्याच कल्पनाशक्तीला साधन केले, आणि त्यांचे वेगळेपण यातच आहे.

फारियांचा प्रभाव ग्रंथापेक्षा श्रोत्यांमार्फत अधिक पसरला. व्याख्यानांना येणारे तरुण लष्करी अधिकारी नुआझे यांनी १८२० मध्ये बर्लिन अकादमीला निबंध पाठविला. तो छापला गेला १८५४ मध्ये. नुआझे आणि फ्रेंच वैद्य बर्त्रां यांच्याद्वारे ही विचारधारा वैद्य लिएबो (१८६६) आणि नान्सी संप्रदायापर्यंत (फ्रान्समधील नान्सी येथील, संमोहनाचे मूळ सूचनेत मानणारा गट) पोहोचली, अशी परंपरा फ्रेंच मानसशास्त्रज्ञ प्येर जाने यांनी दाखविली. संमोहन हे उन्मादाचे (हिस्टेरियाचे) लक्षण आहे, या पॅरिसचे मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांच्या मताविरुद्ध ती निरोगी मनाचीही सहज क्षमता आहे, अशी भूमिका नान्सीच्या बर्नहाइम यांनी घेतली आणि सूचनपद्धतीचे श्रेय फारियांना दिले.

मूळ ग्रंथ विस्मृतीत गेला होता. गोमंतकीय डॉक्टर व वनस्पतिशास्त्रज्ञ दालगादो यांनी १९०६ मध्ये पॅरिसमध्ये त्याची नवी आवृत्ती काढली, फारियांचे चरित्र लिहिले आणि ‘हिप्नॉटिझम’ ही संज्ञा रूढ करणारे ब्रिटिश वैद्य जेम्स ब्रेड यांच्याशी तुलना करून अग्रक्रम फारियांना दिला. हे काम झाले नसते, तर पुढील चर्चा ऐकीव माहितीवरच चालली असती. १९२५ मध्ये पोर्तुगीज मेंदूविकारतज्ज्ञ एगाश मोनीझ (नोबेल, १९४९) यांनी संमोहनाच्या इतिहासातील फारियांच्या स्थानावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मेंदूच्या अभ्यासकाने घेतलेली ही दखल महत्त्वाची आहे. संमोहनक्षमता व्यक्तीगणिक बदलते, हे निरीक्षण १९५९ च्या स्टॅनफर्ड मापनश्रेणीने मोजमापात आणले. सूचनेने वेदनेचा क्लेश बदलला की मेंदूच्या अग्र सिंग्युलेट भागातील क्रियाही बदलते, असे रेनव्हिल व सहकाऱ्यांना १९९७ मध्ये आढळले.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविलेला फारियांचा पुतळा (१९४५) आहे. निद्रित स्त्रीवर हात पसरलेल्या त्या आविर्भावामुळे शक्ती प्रयोगकर्त्याच्या हातात आहे, असा समज होतो; ग्रंथातले प्रतिपादन नेमके उलट आहे. मडगावातील एका रस्त्यालाही त्यांचे नाव दिलेले आहे.