जबड्याचा अस्थिमृत्यू : विरळ कारणांची ओळख

रक्तपुरवठा तुटून जबड्याच्या हाडाचा काही भाग निर्जीव होणे, म्हणजे जबड्याचा अस्थिमृत्यू. हिरडीतून उघडे पडलेले हाड पिवळट-राखाडी आणि कोरडे दिसते. खरवडले तरी त्यातून रक्त येत नाही. कर्करोगावरील किरणोपचार आणि बिस्फॉस्फोनेट, डेनोसुमॅब यांसारखी हाडांची झीज रोखणारी औषधे ही नेहमीची कारणे. रुग्णाने यांपैकी काहीच घेतलेले नसेल, तर ‘दात काढल्याची जखम चिघळली’ एवढ्यावर थांबू नये.

कोणता जबडा, हे आधी पाहावे. खालच्या जबड्याची मदार बरीचशी एका धमनीवर असते. वरच्याला अनेक वाटांनी रक्त मिळते, म्हणून तो सहजी मरत नाही. तो मेला तर पहिला संशय म्युकरमायकोसिसचा (‘काळी बुरशी’), विशेषतः मधुमेह असेल किंवा स्टेरॉइड दिलेले असतील तेव्हा. २०२१च्या कोविड लाटेत महाराष्ट्राने हा आजार जवळून पाहिला : एकाच बाजूचे चार-पाच दात एकदम हलू लागणे, गाल बधिर होणे, टाळूवर काळा डाग. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून गुठळ्या करते. तुकडा तपासल्यावर रुंद, जवळजवळ काटकोनात फुटणारे तंतू दिसतात. संशय दाट असेल तर अंतिम अहवालासाठी अँफोटेरिसिन-बी हे बुरशीविरोधी औषध अडवून ठेवू नये. इथे एकेक दिवस मोलाचा असतो.

चेहऱ्यावरच्या नागिणीनंतर क्वचित काही आठवड्यांनी दात आपोआप पडतात, हाड उघडे पडते; पण मध्यरेषेच्या एकाच बाजूला. रुग्ण या दोन गोष्टी जोडत नाही, म्हणून विचारावेच लागते. एकाच दाताभोवती हाड मेले असेल, तर नस मारण्यासाठी भरलेली आर्सेनिकची पेस्ट गळली का, ते पाहावे. विदर्भात किंवा नंदुरबारकडे खालचा ओठ बधिर झालेला तरुण रुग्ण आला, तर सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार तपासावा. सुरुवातीचा एक्स-रे निर्दोष असू शकतो.

कामधंदाही विचारावा. पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यापेट्या बनवणाऱ्या कामगारांचा जबडा सडतो, हे व्हिएन्नात डॉक्टर लोरिन्सर यांनी १८४५ मध्ये नोंदवले. बंदीचा आंतरराष्ट्रीय करार बर्नला झाला तो १९०६ मध्ये. तोवर दोन पिढ्यांनी जबडे गमावले होते. घड्याळाच्या तबकड्या किरणोत्सारी रेडियमने रंगवणाऱ्या अमेरिकन मुली कुंचल्याचे टोक ओठांत धरत. त्यांच्या जबड्यांचेही तेच झाले.

उघड्या हाडाच्या कडेची हिरडी जाड, कडक लागली तर तिचा तुकडाही तपासणीस पाठवावा. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडात त्या कडेखाली कर्करोग असू शकतो.